साधा वर्तमानकाळ

सतरा नंबरचा माणूस उठून गेला, दार त्याच्यामागे हलकेच लागलं, आणि गुणपत्रकावर सही करायला तिनं पेन उचललं तेव्हा तिच्या लक्षात आलं की सही जमत नाहीये. पहिलं अक्षर काढलं आणि पुढचं कुठलं तेच सुचेना. बावीस वर्षं ती हीच सही करत आली होती. शेजारच्या खुर्चीत मास्तरीणबाई होत्या. शाळेत चाळीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर त्या ह्या केंद्रावर सहपरीक्षक म्हणून येत, आणि केंद्रातले सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. त्यांचे आकडे केव्हाच भरून झाले होते. "माझे अकरा," त्या म्हणाल्या. "तुझे?" तिनं बेरीज केली. ओळख चार, कुटुंब एक, चित्र तीन, प्रसंग तीन. तिचेही अकराच. पास व्हायला बारा लागत. "एकानं गेला बिचारा," म्हणत मास्तरीणबाईंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. "तिसरी खेप ना त्याची? आता वर्षभर बसता येणार नाही. तोवर परवाना संपायचा." तिनं मान हलवली, सही कशीबशी पुरी केली आणि अठरा नंबरला आत बोलवायची घंटा दाबली.

परीक्षा पहिल्या पायरीची होती. बाहेरून इथे कामाला आलेल्या माणसांना राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा तर इथली भाषा मोडकीतोडकी का होईना बोलता येते, एवढं दाखवावं लागे. बारा मिनिटांची तोंडी, चार भाग, प्रत्येकाला पाच गुण. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, टेबलावर रेकॉर्डिंगचं छोटं काळं यंत्र आणि परीक्षकाच्या हातात कार्ड. कार्डावर जे प्रश्न छापलेत तेच विचारायचे, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. हा नियम झाला त्या बैठकीत सगळ्यात जास्त तीच बोलली होती. कुणाला सोपा प्रश्न, कुणाला अवघड, असं होता कामा नये. आलेल्या माणसाचं नशीब परीक्षकाच्या मनावर लोंबकळत राहता कामा नये. तिला ते अजूनही पटत होतं, हीच तर पंचाईत होती. सतरा नंबर इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होता. बेचाळीस वर्षांचा, हात कोपरापर्यंत लाल, नखांच्या कडा साबणानं पांढऱ्या पडलेल्या, शर्टाचं गळ्याशी येणारं बटणसुद्धा लावलेलं. ओळख त्यानं घडाघडा म्हणून दाखवली, पाठ करूनच आला होता. मग तिनं कार्डावरचा पुढचा प्रश्न विचारला, "तुमच्या घरी किती माणसं आहेत?" तो म्हणाला, "माझे घर चार माणूस. मी. बायको. मुलगी. मुलगी." एकेक बोट उघडत त्यानं चार बोटं तिच्यासमोर धरली. मग थांबला. चौथं बोट त्यानं मिटलं नाही. दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं, गर्दीत मुलाचं बोट धरावं तसं. "मुलगी एक आहे," तो म्हणाला. "मुलगी एक आहे नाही."

तिला कळलं नाही असं नाही. त्याच क्षणी कळलं. पहिल्या पायरीला भूतकाळ नसतो. साधा वर्तमानकाळ, तेवढाच शिकवतात. माणूस आहे, खातो, जातो, राहतो. जे होतं आणि आता नाही ते सांगायची सोय दुसऱ्या पायरीवर, चौथ्या धड्यापासून पुढे. तिनं कार्डाकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मुलीला काय आवडतं. तो तिच्याकडे बघत राहिला. कुठल्या मुलीला, असं तो विचारू शकला असता, पण तेही त्याला येत नसावं. सात-आठ सेकंद गेले. मग तो म्हणाला, "तिला निळा रंग आवडतो." स्वच्छ. लिंग, विभक्ती, क्रियापद, सगळं जागच्या जागी. सगळ्या मुलाखतीत पाठ न केलेलं त्याचं असं एकच वाक्य उतरलं, आणि त्याबद्दल तिनं कुटुंबाच्या रकान्यात एक गुण दिला.

दुपारभर आणखी सहा जण झाले. एकोणीस नंबरच्या गवंड्यानं सांगितलं की तो रोज संध्याकाळी बायको खातो, आणि मास्तरीणबाईंना रुमालात खोकावं लागलं. एरवी तीही हसली असती. असल्या वाक्यांची तिच्याकडे एक वहीच होती. नवरा घरी आला की ती त्याला वाचून दाखवायची, तो चष्मा कपाळावर सारून हसायचा. आज बसमध्ये खिडकीशी बसून ती वाक्यं आठवायला लागली तर त्यांतलं एकही तिला विनोदी वाटेना. एका बाईनं सांगितलं होतं, माझी आई लांब आहे, माझी आई रोज लांब आहे. तिनं ते वहीत का उतरवलं होतं? रोज लांब. बस सिग्नलला थांबली, पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेवर ताज्या हजामतीचे केस चिकटलेले दिसत होते, आणि तिच्या कानात लेकीचा आवाज आला, चार वर्षांपूर्वीचा, फोनवरचा. "आई, बाळ राहिलं नाही." सातवा महिना होता. लेक दूरच्या शहरात, ही स्वयंपाकघरात, हात भिजलेले, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. आणि तिनं काय विचारलं होतं? डॉक्टर काय म्हणाले? घरी कधी सोडणार? काही खाल्लंस का? तीन प्रश्न, एकापाठोपाठ एक, उत्तराला जागा सोडून. लेकीनं तिन्हींची उत्तरं दिली. "काही गुंतागुंत नाही म्हणाले. परवा. हो, थोडं खाल्लं." मग म्हणाली, "ठेवते." त्या दिवशी फोन ठेवल्यावर तिनं उरलेली भांडी घासली होती, ती तिला नीट आठवत होती, कुठलं भांडं करपलं होतं तेसुद्धा. ती रडली नव्हती. दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून लेकीकडे गेली होती, आठ दिवस राहिली होती, घर झाडून-पुसून लख्ख केलं होतं. जावई म्हणाला होता, तुमच्यामुळे फार आधार वाटला. त्या आठ दिवसांत लेकीच्या पाठीवरून हात फिरवावा असं तिच्या मनात शंभरदा आलं, आणि प्रत्येक वेळी तिनं दुसरं काहीतरी उचललं. उशीचा अभ्रा. औषधाची बाटली.

तेव्हापासून दर रविवारी लेकीचा फोन येत असे. कशी आहेस? बरी. हवा कशी आहे? गार. जेवलीस? हो. बाबा काय करतायत? पेपर वाचतायत. एक चूक नाही. कार्ड हातात धरून बोलल्यासारखं. लेकीला ह्या भाषेत भांडता येत होतं, चेष्टा करता येत होती, लहानपणी ती झोपेतसुद्धा बडबडायची. आणि आता आईशी बोलताना तिनं स्वतःला परीक्षेच्या यादीतल्या सहाशे शब्दांत आवरून घेतलं होतं. पहिल्या पायरीवर उतरली होती लेक. आईला तेवढंच झेपतं हे ओळखून.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काय झालंय?" तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा, दिवसभर लोकांना भिंगं बदलून विचारायचं, हे स्पष्ट दिसतंय की ते. त्यामुळे घरी आल्यावर फार विचारायची त्याला सवय नव्हती, आणि विचारलं म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी ठळक दिसत असणार. तिनं सतरा नंबरचं सांगितलं. बोटांचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "मग तू काय म्हणालीस?" "पुढचा प्रश्न विचारला." मग तो जे बोलला ते त्याला लागट बोलायचं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. "तू घरीही तसंच करतेस," तो म्हणाला. "मी काही म्हणत नाही. पण करतेस." तिनं ताटं घेतली. जेवताना दोघंही मिठाविषयी बोलले.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रप्रमुखाकडे गेली. त्याला सगळे पाठीमागे घड्याळ म्हणत, कारण तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता मनगटाकडे बघत बोलायचा. "गुण बदलायचेत? कारण?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "त्याला प्रश्न कळला होता. उत्तर त्याच्याकडे होतं. ते द्यायला लागणारा काळ आपण शिकवतच नाही." "मग तो दोष अभ्यासक्रमाचा. तसं पत्र द्या, समितीपुढे ठेवू." "त्याची मुलगी गेली आहे." घड्याळानं पहिल्यांदा वर पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला स्वतःला दोन मुली होत्या, त्यांचे फोटो टेबलावरच्या काचेखाली होते. "तुम्हाला कुणी सांगितलं?" "त्यानंच. परीक्षेत." "म्हणजे उत्तर दिलं त्यानं. मग तुम्ही गुण का दिले नाहीत?" वाक्यरचना चूक होती म्हणून, असं खरं उत्तर होतं, आणि ते ह्या खोलीत मोठ्यानं म्हणायची तिला लाज वाटली. "दोघांच्या सह्या झाल्यात," तो म्हणाला. "आता फक्त परीक्षा घेण्यात चूक झाली असेल तरच फेरपरीक्षा. झालीय का? रेकॉर्डिंग ऐका हवं तर. अर्धा तास आहे तुमच्याकडे."

रेकॉर्डिंगची खोली जिन्याखाली होती, मुळात सामान ठेवायची. भिंतीला पुठ्ठे चिकटवलेले. हेडफोन कानाला लावला तसा पहिल्यांदा स्वतःचाच आवाज आला आणि तो तिला ओळखू येईना. हळू, गोड, शब्दाशब्दात जागा सोडणारा. आजाऱ्याला औषध पाजताना काढतात तसा. त्याची ओळख झाली. घरी किती माणसं झालं. त्याचे चार शब्द, मधली शांतता. त्या शांततेत खुर्ची करकरल्याचा आवाज होता, तेव्हाच त्यानं बोट मुठीत धरलं असणार. मग त्याचा आवाज: मुलगी एक आहे. मुलगी एक आहे नाही. आणि लगेच, श्वास घ्यायचीही वाट न बघता, तिचा आवाज: "छान."

तिनं टेप मागे नेली. पुन्हा ऐकलं. छान. नवख्या माणसाचा धीर सुटू नये म्हणून प्रत्येक उत्तरानंतर छान म्हणायचं, उत्तर बरोबर असो की चूक, हे प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. इतक्या वर्षांत ते तिच्या जिभेवर असं बसलं होतं की आपण ते म्हणतो हे तिला जाणवतही नसे. काल बसमध्ये, संध्याकाळी, सकाळी अंघोळीच्या वेळी, ती ते वाक्य मनातल्या मनात शंभरदा ऐकत होती, आणि तिच्या आठवणीत हा शब्द नव्हताच. तिथे शांतता होती. आठवणीतल्या त्या शांततेत ती निदान गप्प तरी बसली होती. पुठ्ठ्याच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. लेकीलाही ती असंच काही म्हणाली असेल का? परवा सोडणार, बरं झालं. थोडं खाल्लंस, शाबास. तिथे टेप नव्हती. चार वर्षं ती आपल्याच आठवणीच्या भरवशावर स्वतःला दोषी ठरवत आणि सोडून देत आली होती. आणि आता त्या आठवणीवरचा तिचा विश्वासच उडाला. लेकीच्या कानात काय वाजत असेल दर रविवारी, फोन लावायच्या आधी?

तिसऱ्यांदा ऐकताना तिला दुसरी गोष्ट सापडली. कार्डावर छापलं होतं: तुमच्या मुलांना काय आवडतं? आणि टेपवर ती म्हणत होती: तुमच्या मुलीला काय आवडतं? तिनं कार्ड काढून पाहिलं. मुलांना. अनेकवचन. बावीस वर्षांत कार्डावरचा शब्द तिनं बदलला नव्हता, आणि काल बदलला होता, नकळत, कारण तो म्हणाला होता एक आहे, एक नाही. मुलांना म्हणायला निदान दोन तरी लागतात. म्हणजे तिच्या जिभेनं ते ऐकलं होतं. छान म्हणणाऱ्या त्याच जिभेनं.

घड्याळानं फेरपरीक्षेसाठीचा तिचा अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "एका वचनासाठी?" "नियमात आहे. शब्द बदलला तर परीक्षा सदोष." "तुम्हाला कळतंय ना, चौकशी होईपर्यंत तुमचं नाव यादीतून काढावं लागेल? तुमच्या कालच्या सगळ्याच परीक्षा तपासाव्या लागतील." "काढा," ती म्हणाली. तो बराच वेळ अर्जाचे कोपरे जुळवत बसला. "मी घेतली असती तुमच्या जागी परीक्षा," तो शेवटी म्हणाला, "तर मलाही पुढचाच प्रश्न सुचला असता." हे समजुतीचं बोलणं होतं, पण तिला त्यानं काही बरं वाटलं नाही. बाहेर मास्तरीणबाई उभ्या होत्या, त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. "मला विचारायचं तरी होतंस," त्या म्हणाल्या. "त्या कागदावर माझीही सही आहे. आणि खरं सांगू, मलाही कळलं होतं गं. मी म्हटलं तू बोलशील काहीतरी. तू विचारत होतीस ना." इतकं बोलून त्या पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या, आणि काय शोधतोय हे त्यांनाही ठाऊक नसावं.

रविवारी फोन आला. हवा कशी आहे इथपर्यंत झालं. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू फोन केला होतास ना," आणि पलीकडे एकदम काहीच ऐकू येईना, मागचा रेडिओसुद्धा कुणीतरी बंद केल्यासारखं. "कुठल्या दिवशी?" लेकीनं विचारलं, पण तिच्या आवाजावरूनच कळत होतं की तिला कळलंय. "इस्पितळातून. तेव्हा मी तुला..." पुढचं वाक्य तिनं दोन दिवस घोकलं होतं आणि आता ते अर्ध्यावरच राहिलं. मी तुला काय म्हणाले? हे विचारायचं होतं, की मी तुला काय म्हणायला हवं होतं? "आई," लेक म्हणाली, हळू, शब्दाशब्दात जागा सोडत, "तुला काय विचारायचंय ते मला कळतंय. नको विचारूस. आता नको. मी आता कुठे नीट झोपायला लागलेय." मग थोड्या वेळानं, "बाबा काय करतायत?" "पेपर वाचतायत," ती म्हणाली. नवरा पेपर वाचत नव्हता. दारात उभा राहून तिच्याकडेच बघत होता.

गुरुवारी सतरा नंबरची फेरपरीक्षा होती. तिला केंद्रात जायची बंदी होती. घरात ती ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली, कपाटातले सगळे कपडे काढून पुन्हा तशाच घड्या घातल्या. दुपारी मास्तरीणबाईंचा फोन आला. "आला नाही गं तो." "पत्र पोचलं का?" "पोचलं तर. पोचपावती आहे, सही आहे त्याची. मी घड्याळाच्या मागे लागून सोमवारची तारीख काढून घेतलीय. तेव्हा नाही आला तर कागद बंद." तिनं पत्रात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. मास्तरीणबाई वाचू लागल्या: उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या मौखिक मूल्यमापनामध्ये प्रक्रियात्मक त्रुटी आढळून आल्याकारणाने... आणि मधेच थांबल्या. "ह्यातलं त्याला काय कळणार?" त्या म्हणाल्या.

शुक्रवारी ती इस्पितळाकडे निघाली. बसमध्ये तिनं पर्समधून पहिल्या पायरीची शब्दयादी काढली. सहाशे बारा शब्द. एवढ्याच शब्दांत त्याच्याशी काय बोलायचं ते तिला जुळवायचं होतं. यादीत सोमवार होता, सकाळ होती, परीक्षा होती, पुन्हा होतं. तारखेचं सहज जमलं. त्याच्यापुढचं जमेना. आनंदी होता, दमलेला होता, आजारी, भुकेला, तहानलेला, उशिरा आलेला. दुःखी नव्हता. यादी करणाऱ्या समितीत ती होती, आणि आता तिला ती दुपारसुद्धा आठवली: कुणीतरी दुःखी सुचवला होता आणि चर्चा होऊन तो खोडला होता, कारण आनंदी नाही म्हटलं की काम भागतं. क्षमा दुसऱ्या पायरीवर होती. चूक होता, पण तो त्यांच्या चुकांसाठी. मी चूक आहे, असं वाक्य तिनं यादीच्या समासात लिहिलं आणि ते इतकं मोडकं दिसलं, आणि इतकं खरं, की तिनं कागद घडी करून आत टाकला.

धुलाईखाना इस्पितळाच्या तळघरात होता. जिना उतरतानाच गरम, ओलसर वाफ अंगावर आली, आणि तिच्याखाली दुसरा एक वास, औषधांचा, माणसांचा, धुऊनही न गेलेला. माणसाएवढी गोल यंत्रं भिंतीला लागून गरगरत होती. चाकांच्या गाड्यांत चादरींचे ढीग. मुकादम बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, परीक्षा केंद्राचं नाव ऐकून मागे बोट दाखवलं आणि म्हणाली, "पाच मिनिटं. आज दोन माणसं कमी आहेत." तो एका लांब टेबलाशी दुसऱ्या एकासोबत चादरींच्या घड्या घालत होता, दोघं चादरीची टोकं धरून जवळ यायचे, लांब व्हायचे. त्यानं तिला पाहिलं आणि चादर हातातच राहिली. मग जोडीदाराच्या हातात टोकं देऊन त्यानं हात पुसले, गळ्याशी बटण चाचपलं, ते कामाच्या कपड्यांना नव्हतंच, आणि तिच्यासमोर येऊन ताठ उभा राहिला.

"सोमवार," ती म्हणाली. "सकाळी दहा. परीक्षा. पुन्हा." तिनं चिठ्ठीवर आकड्यांत लिहून आणलं होतं, ते दिलं. त्यानं वाचलं, खिशात ठेवलं. "सोमवार दहा. मी येतो." काम झालं होतं. ती निघू शकत होती. पण तो तिथेच उभा राहिला, छातीत हवा भरून घेतली, आणि तिला काही कळायच्या आत बोलू लागला. स्वतःचं नाव सांगितलं. मी बेचाळीस वर्षांचा आहे. मी इस्पितळात काम करतो. मी सकाळी सहा वाजता उठतो. त्याला वाटलं होतं ती तपासायलाच आलीय. त्याला थांबवायला तिनं हात उचलला, पण तो तिच्या हाताकडे बघत नव्हता, तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर कुठेतरी बघत होता, जिथे परीक्षेच्या खोलीत घड्याळ असतं. "आमच्या घरी तीन माणसं आहेत," तो म्हणाला. "मी, माझी बायको आणि माझी मुलगी. माझ्या मुलीला दूध आवडतं." एक चूक नव्हती. आमच्या घरी, माणसं, माझी, माझ्या मुलीला. प्रत्येक प्रत्यय घासूनपुसून बसवलेला. कुणाकडून तरी त्यानं हे घोटून घेतलं होतं. आता त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गुण वाचायला.

सोमवारी त्याला पंधरा मिळाले. ते तिला मास्तरीणबाईंनी कळवलं, आणि हेही की कुटुंबाच्या रकान्यात पाचपैकी पाच पडले, दोन्ही परीक्षकांचे. परवाना वाढला. तिचं नाव यादीत परत आलं नाही. चौकशीत काही निघालं नाही, पण तिनंच पुन्हा अर्ज केला नाही, आणि त्याचं कारण घड्याळानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला आता माझं छान ऐकू येतं. हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी तळघरात ती त्याच्यासमोर उभी होती आणि तिच्या तोंडून कार्डावर नसलेला प्रश्न निघाला. "तीन?" तिनं विचारलं. "चार नाही?"

त्याच्या चेहऱ्यावरून परीक्षा उतरली. खांदे खाली आले. "वर्ग," तो म्हणाला. "वर्ग शिक्षक म्हणतात: म्हणा, होती. एक मुलगी होती." तो शब्द त्यानं तोंडातून काहीतरी काढून टाकावं तसा उच्चारला. "मी म्हणत नाही. होती अवघड आहे. तीन सोपं." मागे एक यंत्र थांबायला आलं होतं, त्याचा आवाज जड होत चालला होता. समासात लिहिलेलं वाक्य तिला आठवेना. तिनं फक्त विचारलं, "तिचं नाव काय?"

त्यानं सांगितलं. छोटं नाव होतं, दोनच अक्षरांचं, मधे घशातून येणारा एक आवाज, जो तिच्या भाषेत कुठेच नव्हता. तिनं तो म्हणून पाहिला. त्यानं मान हलवली. "नाही." पुन्हा म्हणाला, हळू, तिच्यासाठी जागा सोडत. तिनं पुन्हा म्हटलं. तिचा तो आवाज जिभेवरच अडखळला आणि नेहमीच्या ओळखीच्या अक्षरात घसरला. आयुष्यभर ती दुसऱ्यांचे उच्चार दुरुस्त करत आली होती. "नाही," तो म्हणाला. रागानं नाही, पण सोडूनही देत नव्हता. "हे माझी मुलगी नाही." मुकादम बाईनं लांबून हाक मारली, पाच मिनिटं झाली होती, त्यानं मागे न बघता तिला थांबायची खूण केली. मग आपलं लाल, सुरकुतलेलं बोट स्वतःच्या गळ्याला लावलं, खाली, हाडाच्या जरा वर, आवाज कुठून येतो ते दाखवायला, आणि ते नाव म्हटलं. तिनं आपलं बोट आपल्या गळ्याला लावलं. तिथे काहीतरी जोरजोरात उडत होतं. तिनं तोंड उघडलं.

"नाही," तो म्हणाला. "पुन्हा."